ओदिलोनची खुर्ची

आमच्या सान एवारिस्तो या डोंगरातल्या गावात कुणाचं भांडण लागलं तर ते सोडवायला ओदिलोनला कुणी बोलावत नाही. दोन माणसं एकदम चढ्या आवाजात बोलायला लागली की त्याच्या कपाळावर घाम येतो. बायकोशी त्याचं भांडण झालंच तर तो भट्टीत लाकडं सारत बसतो आणि आउरेया एकटीच दोघांच्या वाटचं बोलून मोकळी होते. अशा माणसाला आमच्या गावानं बास्केटबॉलच्या मैदानावर शिस्तीच्या खुर्चीत बसवलं आणि मग काही केल्या उठू दिलं नाही. गावाला अक्कल असते असं म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्याकडे येऊन राहावं.

ओदिलोन पाववाला. पहाटे भट्टी पेटवून अंड्याचा पिवळा पाव भाजायचा आणि संध्याकाळी गावाच्या बँडमध्ये तुबा वाजवायचा, एवढंच त्याचं जग. तुबा म्हणजे ते पोटावर घ्यायचं पितळी धूड. त्याच्या फुंकरीनं माझ्या स्वयंपाकघरातले पेले थरथरायचे. मी त्याची शेजारीण, सेफेरिना. आमच्या दोघांच्या घरांत एकच भिंत आहे, त्यामुळे त्याच्याबद्दल मी जे सांगते ते कानानं ऐकलेलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं आहे, उगाच पिकवलेलं नाही.

खुर्चीचं खूळ निघालं ते एका मारामारीवरून. आमच्या गावची जत्रा असली की शेजारच्या सांता प्रिस्काचा बँड येतो, त्यांच्या पोराबाळांचा संघ येतो, आणि त्यांची जत्रा असली की आम्ही जातो. त्यांची मुलं आमच्या घरात झोपतात, आमची त्यांच्या घरात. कुणी कुणाला काही देत नाही, फक्त येणंजाणं चुकवायचं नाही. तर एका जत्रेत दहा-बारा वर्षांच्या पोरांचा सामना चालू होता आणि आमच्यातल्या एका बापानं पाहुण्यांच्या प्रशिक्षकाच्या पाठीत उसाचा दांडका घातला. का, तर म्हणे पाहुण्या संघानं त्याच्या पोराला चेंडू पास करू दिला नाही! पाहुणे उठले. रश्श्याची ताटं वाढलेली होती, वाफा निघत होत्या, आणि ती तशीच टाकून अख्खं सांता प्रिस्का डोंगर उतरून गेलं. पाहुणा ताटावरून उठला, याच्यापुढे आमच्याकडे शिवी नाही. पुढच्या जत्रेला त्यांचा बँड आला नाही आणि आमची मिरवणूक अर्ध्या वाद्यांवर निघाली. माझी सासू तेव्हा जिवंत होती. ती म्हणाली, त्यापेक्षा मला आधी न्यायचं होतं देवानं.

मग ग्रामसभा भरली आणि नियम झाला. मैदानाच्या कडेला, मधल्या रेषेपाशी एक खुर्ची. तिच्यात बसेल त्याच्या हातात घंटा. घंटा वाजली की पंचानंसुद्धा खेळ थांबवायचा. प्रेक्षकांतल्या आईनं किंवा बापानं मैदानावरच्या लेकराचा अपमान केला, तर त्यांचं स्वतःचं लेकरू बाहेर, सामना संपेपर्यंत बाकावर. ज्याला मूल नाही असा कुणी ओरडला, तर तो स्वतः मैदानाबाहेर. आणि खुर्चीतल्या माणसानं टाळी वाजवायची नाही, हसायचं नाही, जत्रेत कुणाच्या हातची दारू घ्यायची नाही, पाहुण्यांच्या पंगतीत बसायचं नाही आणि बँडमध्ये वाजवायचं नाही. कुठल्याच बाजूचा वास त्याच्या अंगाला यायला नको.

नियम सगळ्यांना पसंत पडला. खुर्ची कुणालाच नको होती. गावानं दिलेलं काम आमच्याकडे नाकारता येत नाही. नाकारलं तर गावाच्या पाण्यावर, जमिनीवर आणि मेल्यावर वाजणाऱ्या बँडवरही पाणी सोडायचं. त्यामुळे जो तो खाली मान घालून बसला होता. तेव्हा एर्मेलिंदो उठला. तो तेव्हा नुसता बोलघेवडा होता, सरपंच पुढे झाला.

"ओदिलोनला बसवा की," तो म्हणाला. "त्याचं कोण खेळतंय? ओरडायचं म्हटलं तरी ओरडणार कुणासाठी?"

लोक हसले. वाईट मनानं नव्हे, सुटकेनं हसले. आउरेया माझ्या शेजारी बसली होती, तिनं पदरातल्या शेंगा सोलायच्या थांबवल्या. त्यांना मूल नव्हतं. दोन झाली होती, दोन्ही गेली. ते सगळ्या गावाला माहीत होतं आणि सगळं गाव हात वर करून बसलं होतं. बाहेर आल्यावर मी एर्मेलिंदोला म्हटलं, "तुझ्या जिभेला हाड आहे का रे?" तो म्हणाला, "अगं, एका वर्षाचा तर प्रश्न आहे."

एक वर्ष! प्रत्येक वर्षअखेरीला ग्रामसभा भरायची आणि प्रत्येक वेळी तेच नाव निघायचं. इतर कामं माणसामाणसांत फिरतात, हे काम ओदिलोनच्या गळ्यात पडलं ते पडलंच. सात जत्रा झाल्या. त्याचा तुबा एका पुतण्यानं वाजवायला घेतला, आणि वाजवतो तो असा की रेडा अडकलाय म्हणावं. ओदिलोन खुर्चीत बसून ते ऐकायचा. मांडीवर घंटा, चेहरा कोरा. सामन्यांच्या दिवसांत त्याच्याशी धड कुणी बोलायचं नाही, तो कुणाशी बोलायचा नाही. माझ्या धाकट्याला त्यानं एकदा बाहेर काढलं, माझ्या तोंडापायी. मी फक्त एवढंच म्हटलं होतं की सहा नंबरच्या पोराला त्याच्या आईनं पाय उसने आणून दिलेत. हा काय अपमान झाला? मी अजूनही म्हणते, तो अपमान नव्हता. पण घंटा वाजली आणि माझं पोर रडत बाकावर गेलं. संध्याकाळी भिंतीपलीकडून ओदिलोनचा आवाज आला, "आउरेया, सेफेरिनाकडे पाव नेऊन दे. मला तिच्यापुढे जायला होत नाही." असा माणूस तो. अशानं कुणाला शिक्षा करावी म्हणजे त्याचीच शिक्षा.

मग नोएलिया आली. आउरेयाची धाकटी बहीण लॉस एंजेलिसला असते, दिवसा एका ठिकाणी आणि रात्री दुसऱ्या ठिकाणी झाडझूड करते. नवरा सोडून गेला, तेव्हा तिनं लेकीला गावाकडच्या माणसांबरोबर इकडे धाडलं. "वर्षभर सांभाळ ताई, पुढच्या वर्षी नेते." पोर नऊ वर्षांची होती. दर रविवारी फोन यायचा आणि दर रविवारी पुढच्या वर्षाचं बोलणं व्हायचं. नोएलिया फोन ठेवायची, बाहेर जायची आणि आमच्या सामाईक भिंतीवर चेंडू आपटत बसायची. माझं डोकं उठायचं, पण मी काही बोलले नाही.

शाळेत कुणी विचारलं, तू कुणाची, तर ती खांदे उडवायची. आउरेयाला मावशी म्हणायची, ओदिलोनला काका. त्यांची जीभ मात्र हळूहळू घसरायला लागली होती. ओदिलोन गिऱ्हाइकांना सांगायचा, "आमची पोरगी उठली नाही अजून, आवाज करू नका." मग स्वतःच चपापून आजूबाजूला पाहायचा. नोएलियानं गावाच्या मैदानावर पहिली बास्केट टाकली तेव्हा तो खुर्चीत होता. सगळे ओरडले, आणि त्यानं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. मी पाहिलं. हात असे दाबून धरले होते की उठला तेव्हा बोटांवर खुर्चीच्या वेताची नक्षी उमटली होती.

त्या वर्षीच्या सभेत तो पहिल्यांदा उभा राहिला.

"मला आता सोडा," तो म्हणाला. "आता माझ्याही घरचं मूल खेळतं."

"कुणाचं मूल?" एर्मेलिंदो आता सरपंच झाला होता, टेबलाच्या पलीकडून बोलत होता. "ओदिलोन, राग नको मानूस. ती तिच्या आईची. आज इथं आहे, उद्या आई घेऊन जाईल. उसन्या पोरीवर बाप होता येत नाही रे."

मागून कुणीतरी म्हणालं, "उसनवारीचा बाप!" आणि पुन्हा ते जुनं हसू. ओदिलोन बसला. त्याला खुर्चीतून सुटायचं होतं, पण त्याहून जास्त त्याला काय हवं होतं ते त्या क्षणी त्याच्या तोंडावर इतकं उघडं दिसलं, की मला बघवेना. गावानं एकदा म्हणायला हवं होतं की ही पोर तुझी. गाव म्हणालं नाही. घंटा पुन्हा त्याच्याच हातात आली.

पुढची जत्रा आली. आमच्या मुलींचा संघ तेव्हा चांगला होता आणि नोएलिया त्यातली सगळ्यात उंच. अंतिम सामना सांता प्रिस्काशी. त्यांच्या मुली घराघरांत उतरल्या, त्यांतली लुदिविना आउरेयाकडे आली. खुर्चीतल्या माणसाच्या घरी पाहुणी उतरवावी का, यावर थोडी कुजबुज झाली, पण घरं कमी पडत होती. लुदिविना म्हणजे त्यांची खरी खेळाडू. अकरा वर्षांची, बुटकी, आणि चेंडू असा पळवायची की बघतच राहावं. नोएलिया आणि ती एकाच अंथरुणात झोपल्या. रात्रभर भिंतीपलीकडून खिदळणं ऐकू येत होतं.

सकाळी त्यांच्या अंगणात चादर वाळत घातलेली दिसली. मी विचारलं तर नोएलिया म्हणाली, "माझ्या हातून पाणी सांडलं." लुदिविना चुलीपाशी कॉफीत पाव बुडवून खात होती, मान वर न करता. आउरेयानं तिच्या केसांवरून हात फिरवला आणि ताटात आणखी एक पाव वाढला. बायकांना अशा गोष्टी कळतात, कुणाला सांगाव्या लागत नाहीत.

सामना दुपारी सुरू झाला. अटीतटीचा, कधी आम्ही पुढे तर कधी ते. आउरेया माझ्याजवळ पायरीवर बसली होती. एवढी वर्षं ती सामन्यांना यायची ती नवऱ्याला पाणी द्यायला. ओरडायला तिचं कुणी नव्हतं. त्या दिवशी तिचा पदर चावून चावून ओला झाला होता. मी म्हटलं, "बाई, श्वास तरी घे." तिनं ऐकलं नाही.

शेवट जवळ आला तेव्हा नोएलिया बास्केटखाली उडी मारायला गेली आणि लुदिविनाचं कोपर तिच्या तोंडावर बसलं. मुद्दाम नव्हतं, मी शपथेवर सांगते. ओठ फाटला, रक्त आलं. पंच दुसरीकडे पाहत होता, त्यानं शिट्टी वाजवली नाही. आणि माझ्या शेजारी आउरेया उभी राहिली. तिच्या गळ्यातून जो आवाज निघाला तो मी जन्मात ऐकला नव्हता.

"मुतरी कुठली! रात्री माझं अंथरूण भिजवलंस आणि आता माझ्या पोरीला मारतेस?"

मैदानावरच्या, पायऱ्यांवरच्या, बँडमधल्या सगळ्यांच्या माना लुदिविनाकडे वळल्या. तिच्या हातात चेंडू होता. ती तो धरून उभी राहिली. तिची मान इतकी खाली गेली की चेहरा दिसेना. पलीकडच्या बाजूला सांता प्रिस्काची माणसं एकेक करून उभी राहायला लागली. पुन्हा ताटावरून उठणार, मला वाटलं. आपल्या घरात झोपलेल्या लेकराचं झाकायचं सोडून आपणच चव्हाट्यावर मांडलं. आउरेयाला ते तेव्हाच कळलं. तिनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं, पण आता दाबून काय उपयोग!

घंटा वाजली.

ओदिलोन खुर्चीतून उठला नव्हता. चेहरा पिठासारखा झाला होता. एर्मेलिंदो धावत त्याच्यापाशी गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ठीक आहे, ठीक आहे. आउरेयाला बाहेर जाऊ दे आणि खेळ सुरू करू. ती काय तिची आई नव्हे. आईबापाचा नियम तिला लागत नाही."

"बरोबर!" आमच्या बाजूनं चारपाच जण ओरडले. "मावशी आहे ती! पोरीला खेळू द्या!"

नियमानं तसंच होत होतं. आउरेया बाहेर गेली असती, नोएलिया खेळत राहिली असती, आणि तिच्याशिवाय आम्ही जिंकणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. ओदिलोननं नुसती मान हलवायची होती. नोएलिया ओठावर हात धरून उभी होती आणि ऐकत होती. तिची आई नव्हे, आई नव्हे, अख्खं गाव ओरडत होतं, तिच्याच भल्यासाठी. ओदिलोननं तिच्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. तो माणूस अडकला होता. घंटेच्या एका बाजूला पोरीचा अंतिम सामना, दुसऱ्या बाजूला पोरगीच. मला वाटलं आता हा डोळे मिटून मान हलवणार.

"आउरेया जागेवरच बसेल," तो म्हणाला. आवाज बारीक, पण ऐकू आला. "नोएलिया, तू बाहेर ये."

"कुठल्या नियमानं?" एर्मेलिंदो भडकला.

"आईच्या तोंडाचा दंड लेकीला. नियम तुम्हीच केलाय."

"अरे पण ती तिची—"

"आई आहे," ओदिलोन म्हणाला. "मी बाप आहे. चल, बाहेर ये गं."

आमच्याकडून जी ओरड उठली ती सांगण्यासारखी नाही. मीही त्यात होते. नोएलिया निघाली, पण आधी लुदिविनाजवळ गेली. काय बोलली कुणाला ऐकू आलं नाही. लुदिविनानं मान वर केली नाही, पण चेंडू खाली ठेवला आणि पालथ्या हातानं नोएलियाच्या हनुवटीवरचं रक्त पुसलं. मग नोएलिया बाकावर जाऊन बसली. सांता प्रिस्काची उभी राहिलेली माणसं परत बसली.

आम्ही हरलो. हरायचंच होतं.

शिट्टी झाल्यावर नोएलिया तडक पायऱ्यांवर आली. आउरेया रडत होती. मला वाटलं पोर तिला मिठी मारेल. कसली मिठी!

"ते गुपित होतं!" ती ओरडली. "मी तिला शब्द दिला होता! मी खोटं बोलले तिच्यासाठी, आणि तू सगळ्यांसमोर! तुला तोंड बंद ठेवता येत नाही का? आता मी त्यांच्या जत्रेला कशी जाऊ? कोणत्या तोंडानं?" ती मैदान ओलांडून, गल्लीतून, दारापर्यंत तिला झापत गेली, आणि आउरेया मागून मान खाली घालून, "चुकलं गं, चुकलं," म्हणत गेली. सगळं गाव दारांत उभं राहून बघत होतं. कुणी हसलं नाही. परक्या बाईला कुणी असं झापत नाही, एवढं गावालाही कळतं.

लुदिविना त्या रात्री माझ्याकडे झोपली. आउरेया पाव घेऊन दारात आली आणि आत यायचं धाडस होईना म्हणून उभीच राहिली. लुदिविनानं पाव घेतला. तो घेऊन ती आत वळली. आउरेयाला वाटलं माफ केलं. मला तसं वाटलं नाही, पण मी तिला सांगितलं नाही. पाहुणे जेवले मात्र, आणि त्यांचा बँड शेवटच्या मिरवणुकीपर्यंत वाजला.

काही आठवड्यांनी ग्रामसभा भरली. खुर्चीचा विषय निघाला आणि ओदिलोन लगेच उभा राहिला. तयारी करून आला होता. सकाळपासून भट्टीपाशी स्वतःशी पुटपुटताना मी ऐकलं होतं.

"आता तरी मला मोकळं करा," तो म्हणाला. "माझी मुलगी खेळते. माझ्या बायकोनं काय केलं ते तुम्ही पाहिलं. आम्ही आता बाकीच्या आईबापांसारखेच झालो. माझ्याकडून निवाडा कसा होणार?"

एर्मेलिंदोनं टेबलावरचे कागद बाजूला सारले. त्या दिवसाचा राग त्याच्या मनात होता, सामना हरल्याचा तर होताच.

"ओदिलोन," तो म्हणाला, "ज्यानं अंतिम सामन्यातून स्वतःच्या पोरीला बाहेर काढलं, त्याच्यापेक्षा सरळ माणूस आम्ही आणायचा कुठून? मतं घ्या."

हात वर झाले. पुढून, मागून, बायकांच्या बाकांवरून. माझाही झाला. मग काय करणार, नाहीतर ती खुर्ची माझ्या नवऱ्याकडे आली असती आणि त्याला तर मैदानावर झोप लागते. आउरेयानं हात वर केला नाही. ती तोंडावर पदर धरून बसली होती.

बाहेर आल्यावर मी ओदिलोनला गाठलं. मला वाटलं होतं तो रडवेला असेल. तो होताच रडवेला. पण त्यानं माझा दंड धरला.

"सेफेरिना, तू ऐकलंस ना? 'स्वतःच्या पोरीला' म्हणाला. सगळ्यांसमोर म्हणाला."

"आणि खुर्ची?" मी विचारलं.

"खुर्ची काय," तो म्हणाला, "ती मरेपर्यंत आहेच." आणि नोएलियाला सांगायला घराकडे निघाला.